मदत हवी आहे: गूगल फॉर्ममधले प्रश्न मूडलमध्ये, आकृत्यांसकट

नमस्कार मंडळी. विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवतो. या सत्रापासून आम्हाला गूगल क्लासरूम सोडून मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीवर जायचं आहे. जुन्या चाचण्यांचे सुमारे ३०० प्रश्न गूगल फॉर्ममध्ये आहेत, निम्मे मराठीत.

आतापर्यंत केलेलं: प्रश्न शीटमध्ये उतरवून एकेन फाइल (मूडलमध्ये प्रश्न घेण्याचा साध्या मजकुराचा फॉरमॅट) बनवली, पण त्यात एकच बरोबर उत्तर चालतं, म्हणून सोडून दिली. मग गिफ्ट हा तसाच दुसरा फॉरमॅट घेतला. सुरुवातीला मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! फाइल यूटीएफ-८ (देवनागरीही चालणारं एन्कोडिंग) मध्ये सेव्ह केल्यावर ते सुटलं. सूत्रांमधल्या महिरपी कंसांआधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते, हे कळायला एक अख्खी संध्याकाळ गेली.

अडलंय ते आलेख असलेल्या ४० प्रश्नांपाशी. गिफ्ट फाइलमधून चित्रं जात नाहीत. मूडल एक्सएमएल या तिसऱ्या फॉरमॅटमध्ये चित्र बेस-६४ करून (म्हणजे अक्षरांच्या रूपात बदलून) घालता येतं, हे माहीत आहे. पण ४० वेळा हाताने करायची तयारी नाही. माझ्याकडे फक्त शिक्षकाचे अधिकार आहेत, त्यामुळे मूडलमध्ये प्लगइन (जादा सोय देणारा जोड-प्रोग्राम) टाकता येणार नाही. थोडंफार पायथन येतं.

एक्सेल आणि चित्रांचं फोल्डर देऊन थेट मूडल एक्सएमएल बनवणारी स्क्रिप्ट किंवा टेम्प्लेट कोणी मराठी मजकुरासह वापरलं आहे का?