सिंगल डायवरून प्रोग्रेसिव्ह डायवर जायचंय: २० टनी प्रेस पुरेल का?

पत्र्याची_लक्ष्मी
नमस्कार मंडळी. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये छोटं प्रेस शॉप आहे. एक एल ब्रॅकेट दर महिन्याला ठरलेला असतो. १.२ मिमी सीआरसीए (थंड लाटलेला, मऊ केलेला पत्रा), उलगडलेलं माप ४० × २०, ५.२ मिमीची दोन भोकं आणि एका टोकाला १२ मिमीचा पाय ९० अंशांत वाकवलेला. महिन्याला ४०,००० नग. सध्या ब्लँकिंग (आकार कापणं), पिअर्सिंग (भोकं पाडणं), बेंडिंग (वाकवणं) असे तीन वेगळे डाय आणि सगळं हाताने फीड. एका ठोक्याला तासाला ६०० नग धरले तर तीन ठोक्यांचे मिळून २०० तास जातात. वर भोक ते कड हे माप ±०.३ मध्ये हलतं, ग्राहक ±०.१५ मागतोय. प्रेस दोन आहेत, १० टनी आणि २० टनी, दोन्ही सी-फ्रेम, रोलिंग की क्लचच्या (फिरत्या चावीने फ्लायव्हीलला जोडल्या जाणाऱ्या). प्रोग्रेसिव्ह (पट्टी ठोक्यागणिक पुढे सरकते आणि सगळी कामं एकाच डायमध्ये होतात) केला तर २० टनी पुरेल का? डाय बनवायला देताना काय काय लिहून द्यावं?

टूलरूम_रबाळे
ताई, टनेजची (प्रेसच्या जोराची) काळजी सोडा. कटाची एकूण लांबी गुणिले जाडी गुणिले ३५ किलो प्रति चौ. मिमी, एवढाच हिशोब. दोन भोकं ३३ मिमी, दोन नगांमधली खाच ६३, साइड कट २५, शेवटची तोड २०. झाले १४१ मिमी. गुणिले १.२ गुणिले ३५ म्हणजे साधारण ५.९ टन. स्ट्रीपरच्या (पंचावरून पट्टी सोडवणाऱ्या प्लेटच्या) स्प्रिंग आणि बेंड धरून साडेसात-आठ. २० टनी आरामात घेईल. अडचण येईल ती बेडची लांबी आणि शट हाइटची (रॅम, म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा भाग, पूर्ण खाली असताना डायसाठी उरणारी उंची). बोल्स्टर (डायखालची जाड प्लेट) बसवल्यावर उरणारी शट हाइट मोजा आणि डाय बनवणाऱ्याला आधी तीच कळवा. आणखी एक, डायच्या भौमितिक मध्याऐवजी कटाच्या जोराचा मध्य रॅमखाली आला पाहिजे. सी-फ्रेम तशीही पुढून तोंड उघडते. त्यात जोर एका बाजूला गेला की पिलर-बुश (डायचे वरचे-खालचे भाग सरळ रेषेत ठेवणारे खांब आणि बाह्या) एकाच अंगाने झिजतात, आणि मग क्लिअरन्सचा (पंच आणि डायमधल्या फटीचा) दोष वायरकटवाल्याच्या, म्हणजे तारेने डाय कापून देणाऱ्याच्या, माथी येतो.

मीटर_मायक्रॉन
मला वाटतं एकदम प्रोग्रेसिव्हवर उडी मारायची गरज नाही. मधली पायरी आहे: कंपाउंड डाय. भोकं आणि बाहेरचा आकार एकाच ठोक्यात, त्यामुळे भोक ते कड हे माप डायमध्येच बांधलं जातं. कॉइल (पत्र्याची गुंडाळी), डीकॉइलर (ती उलगडणारं यंत्र), फीडर (पट्टी पुढे सरकवणारं यंत्र) काहीच लागत नाही. बेंड आहे तसा राहू द्या. शिवाय कंपाउंडमध्ये भोकाचा आणि कडेचा बर (कापल्यावर उरणारी धारदार कड) एकाच बाजूला येतो, प्रोग्रेसिव्हमध्ये उलट्या बाजूंना.

टूलरूम_रबाळे
बरचं ते विधान अर्धंच बरोबर आहे. शेवटच्या स्टेशनला (डायमधल्या टप्प्याला) नग ब्लँक होऊन खाली पडत असेल, तरच कडेचा बर वर आणि भोकाचा खाली. इथे बेंड असल्याने नग पट्टीलाच धरून राहणार, कडा खाचा मारून मोकळ्या होणार. म्हणजे कापली जाते ती टाकाऊ टिकली आणि नग डायवर राहतो. सगळा बर खालीच. पाय खाली वाकवला तर तो बर बेंडच्या आतल्या अंगाला जातो, तिथेच तो हवा. बाहेरच्या ताणलेल्या अंगाला बर राहिला की तडा तिथूनच सुरू होतो.

जुना_सेटर
कंपाउंडला माझा आक्षेप वेगळा आहे. नग नॉकआउटने (वरच्या डायमधून नग ढकलून काढणाऱ्या दांड्याने) वर येतो, तो हवेच्या फुंकरीने उडवावा लागतो. फुंकर चुकली की ऑपरेटरचा हात आत जातो, आणि की क्लचची प्रेस एकदा सुटली की अर्ध्या वाटेत थांबत नाही. की झिजली असेल तर पॅडलवरून पाय काढल्यावरही दुसरा ठोका पडू शकतो. प्रोग्रेसिव्हमध्ये हात आत घालायचं कारणच उरत नाही, चारी बाजूंनी जाळीचं फिक्स गार्ड लावता येतं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं कलम २१ तसंही तेच सांगायचं.

पण ठोका अर्ध्या वाटेत थांबत नाही, हे सेन्सरलाही लागू. मिसफीड सेन्सर लावून निर्धास्त होऊ नका. की क्लच फक्त वरच्या टोकालाच मोकळा होतो. पट्टी कमी सरकली हे रॅम खाली येताना कळलं, तरी तो ठोका पडणारच. त्यामुळे फीड वरच्या अर्ध्या फेऱ्यात संपवायचं आणि सेन्सरने तपासायचं ते पुढचा ठोका सुटायच्या आधी. जमत असेल तर न्यूमॅटिक क्लच-ब्रेकची (हवेच्या दाबावरची, मध्येच थांबवता येणारी) प्रेस घ्या. खर्च करायचाच तर आधी तिथे, फीडर नंतर.

पत्र्याची_लक्ष्मी
म्हणजे २० टनी ठेवायची की बदलायची? आणि स्टेशनं किती? बाहेर विचारलं तर एकाने चार सांगितली, दुसऱ्याने सहा.

टूलरूम_रबाळे
सहा घ्या. नग २० रुंद, दोन नगांमध्ये ३ मिमी तोड, म्हणजे पिच (दर ठोक्याला पट्टी सरकते ते अंतर) २३. सहा स्टेशनं १३८ मिमी, २० टनीच्या बेडवर बसायला हरकत नाही. पहिल्याला साइड कट (पट्टीची कड कापणं) आणि दोन्ही भोकं. दुसऱ्याला फक्त पायलट (भोकात शिरून पट्टी जागेवर आणणारी पिन). तिसऱ्याला पायाच्या बाजूने ३० मिमी खोल खाच, म्हणजे नग सपाट टोकाकडच्या १० मिमीने पट्टीला धरून राहतो. चौथं रिकामं. पाचव्याला बेंड, सहाव्याला तोड. रिकामं स्टेशन वाया गेलं असं समजू नका. खाचेची आणि बेंडची पोकळी लागोपाठ आली तर मधली डायची भिंत पातळ होते आणि तिथेच चीर जाते. उद्या ग्राहकाने तिसरं भोक मागितलं तर जागाही तिथेच मिळेल.

पाय पट्टीच्या कडेला आहे हे तुमचं नशीब. बेंडच्या पुढे डायचा ब्लॉक त्या बाजूने कापून घ्या, पाय बाहेर लटकत पुढे सरकेल. पट्टी उचलणारे लिफ्टर लागणार नाहीत.

लिहून द्यायचं ते असं. डाय आणि पंच डी-२ टूल स्टीलचे, कडकपणा ५८ ते ६० एचआरसी (रॉकवेल सी). क्लिअरन्स एका बाजूला ०.०७, म्हणजे ५.२ च्या पंचाला ५.३४ चं डायभोक. पायलट ५.१७. भोकाची कड बेंडपासून ३.६ मिमीच्या आत असेल तर भोक अंडाकृती होतं, मग ते बेंडनंतर मारायला हवं. ड्रॉइंग बघून हे आधीच ठरवा. आणि बेंडचा इन्सर्ट वेगळा, सुटा होणारा, खाली शिम (पातळ पत्री) घालता-काढता येईल असा. हे शेवटचं ऑर्डरवर लिहून घ्याच.

मीटर_मायक्रॉन
इन्सर्ट सुटा का, तेही सांगून टाकतो, कारण हे सहा महिन्यांनी चावतं. कापणारे पंच ०.१५ ग्राइंड झाले की रॅम तेवढाच खाली घ्यावा लागतो. बेंडचा पंच मात्र तेवढाच लांब राहिलेला. तो ०.१५ जास्त दाबतो, कोन बिघडतो, प्रेसवर ताण येतो. मग सेटर रॅम वर घेतो आणि भोकं अर्धवट तुटायला लागतात. दोष एक, आणि धावपळ चार ठिकाणी.

कंपाउंडचा हट्ट मी सोडला. फक्त मालाकडे लक्ष द्या. पट्टी ४२ मिमीची लागेल. एका नगाला ९.१ ग्रॅम माल जातो, नग ७.१ ग्रॅमचा, म्हणजे महिन्याला सुमारे ३६४ किलो पट्टी. कळंबोलीच्या स्टील बाजारातून स्लिट करून (हव्या रुंदीत कापून) आणताना आयएस ५१३ चा सीआर२ किंवा सीआर३ ग्रेड (जुनी नावं डी, डीडी) लिहून मागा. तुमची बेंडची रेघ कॉइलच्या रोलिंगच्या दिशेला समांतर येतेय, कडक माल आला तर पाय तडकेल. आतली त्रिज्या निदान १.२ ठेवा. स्प्रिंगबॅकसाठी (वाकवलेला पत्रा थोडा परत उघडतो त्यासाठी) एक-दोन अंश जास्त वाकवायचं. पावसाळ्यात कॉइल उघडी ठेवली तर सुट्टीनंतर तांबेरा चढलेला दिसेल. व्हीसीआय (गंजरोधक) कागदात गुंडाळा.

जुना_सेटर
पहिल्या दिवशी मोटर बंद ठेवून फ्लायव्हील हाताने फिरवा, पट्टी एकेक स्टेशन पुढे न्या. पायलट आत शिरताना फीडरची पकड सुटली पाहिजे, नाहीतर पायलट पट्टीला ओढतो आणि भोकं लांबट होतात. मग पहिली टिकली उचला आणि भिंगाखाली कड बघा. सुमारे एक तृतीयांश चकचकीत आणि बाकी राखाडी खरबरीत असेल तर क्लिअरन्स ठीक. चकचकीत पट्टा एका बाजूला रुंद आणि समोरच्या बाजूला बारीक दिसला तर पंच मध्यावर नाही. तसा चालवलात तर बारीक पट्ट्याच्या बाजूला आधी बर येईल.

सगळ्यात जास्त पंच टिकलीपायी तुटतात. एक तर ती पंचाला चिकटून वर येते आणि पुढच्या ठोक्याला दुहेरी जाडी होते. ग्राइंडिंगनंतर पंच डीमॅग्नेट करा, तेल पातळ वापरा, पंच डायमध्ये मिलीमीटरभर आत जाऊ द्या. तरीही येत असेल तर पंचात स्प्रिंगची पिन. नाहीतर ती खाली अडते. डायची सरळ कड ३-४ मिमीच ठेवा, खाली अर्ध्या अंशाची ढळ, आणि बोल्स्टरचं भोक डायच्या भोकापेक्षा मोठं. बोल्स्टर जुनाच वापरणार असाल तर हे आधी जुळवून बघा.

डाय उतरवताना सहाही स्टेशनं दिसतील एवढा पट्टीचा शेवटचा तुकडा कापून डायलाच तारेने बांधून ठेवा. पुढच्या सेटिंगला तोच नकाशा.

पत्र्याची_लक्ष्मी
सर्वांचे आभार. उद्या शट हाइट मोजते. शेवटचा प्रश्न, वेग किती धरू?

टूलरूम_रबाळे
मिनिटाला ४० ठोक्यांवर सुरुवात. कॉइल बदलणं, टिकल्या काढणं, तपासणी धरून तासाला १,५०० नग हातात येतील, म्हणजे महिन्याचं काम २७ तासांत. उरलेल्या वेळात २० टनीवर दुसरं काम शोधा, आणि शोधताना की क्लच बदलायचा खर्च त्यातच मांडा.