अकाई ४०००डीएसवर वडिलांची जुनी रिळं वाजवायची आहेत, अलाइनमेंट कुठून सुरू करू?

अमळनेरकर:
राम राम मंडळी. आमच्या आण्णांनी सत्तरच्या दशकात गावात आखाजीची अन् कानबाईची गाणी रिळांवर टेप करून ठेवली होती, माझी मोठी फुई (आत्या) अन् गल्लीतल्या बाया गाताहेत, मधेच आण्णा कोणाला तरी गप्प बसवताहेत. आता त्यातलं कोणीच नाही, रिळं तेवढी उरली. आण्णांचा टेप कधीच विकला गेला, फिलिप्सचा मोनो होता एवढं आईला आठवतं. म्हणून मी मुंबईच्या चोरबाजारातून अकाई ४०००डीएस हा रिळांचा टेप डेक आणला. चालतो, रीळ फिरतं, पण आवाज घोंगडी टाकल्यासारखा दबका येतो, फुईचा आवाज ओळखू येईना इतका जाड लागतो, अन् उजव्या स्पीकरमधून मागे काहीतरी उलटं बोलल्यासारखं ऐकू येतं. इथल्या मेकॅनिकचं म्हणणं बायस कमी झालाय, आत प्रीसेट (सेटिंगचे छोटे स्क्रू) आहेत ते फिरवून बघू. नेटवर सगळे म्हणतात आधी कॅलिब्रेशन टेप (मशीन जुळवायला ठरावीक सूर भरलेली मापाची टेप) घ्या, ती अमेरिकेतून मागवायची तर डेकच्या किमतीच्या आसपास जाते. काय करू? रिळं एकदाच नीट वाजवून कॉम्प्युटरवर घ्यायची आहेत, नवीन रेकॉर्डिंग करायचं नाही.

धुळे_ऑडिओ:
दादा, मेकॅनिकला प्रीसेटला हात लावू देऊ नका. बायस म्हणजे रेकॉर्ड करताना आवाजासोबत हेडला द्यायचा हाय फ्रिक्वेन्सी करंट, टेप वाजवताना त्याचा काडीचा संबंध नाही. तुम्हाला रेकॉर्डिंग करायचंच नाही तर बायस, रेकॉर्ड लेव्हल, रेकॉर्ड हेड, यातलं काहीच हलवायची गरज नाही. ४०००डीएसला तीन हेड असतात, इरेज, रेकॉर्ड अन् प्ले वेगवेगळे, त्यामुळे तुमचं काम फक्त शेवटच्या हेडपाशी आहे. बाकी भुसावळचे नाना सांगतील, त्यांनी अशी पुष्कळ मशीनं लावून दिलीत.

भुसावळ_नाना:
अमळनेरकर, तुमची तिन्ही दुखणी वेगवेगळी आहेत, एका स्क्रूनं तिन्ही जाणार नाहीत.

आधी साफसफाई. आयसोप्रोपाइल अल्कोहोल अन् कापसाच्या काड्या घ्या, तिन्ही हेड, गाइड अन् कॅपस्टन (टेप ओढणारा फिरता दांडा) पुसा, काडीला तपकिरी रंग लागायचा थांबेपर्यंत. अर्धा दबका आवाज कधीकधी इथंच जातो. टेप कॅपस्टनवर दाबणाऱ्या पिंच रोलरच्या रबरावर मात्र अल्कोहोल भिजवून ठेवू नका, रबर कडक होतं अन् मग टेप घसरते. डीमॅग्नेटायझर (हेडमध्ये साचलेलं चुंबकत्व घालवणारं यंत्र) मिळाला तर तो हेडपासून हातभर लांब असतानाच चालू करायचा, हळूहळू हेडजवळ न्यायचा, तितक्याच हळू मागे आणून लांब गेल्यावरच बंद करायचा. हेडजवळ बंद केला तर हेड उलट जास्त मॅग्नेटाइज होतं. डेक बंद ठेवायचा अन् रिळं दुसऱ्या खोलीत.

मग स्पीड. डेक बाहेरून आलेला असेल तर मागची पट्टी वाचा, किती व्होल्ट अन् किती हर्ट्झला लावलाय. मोटर मेनच्या फ्रिक्वेन्सीवर चालणारी असली अन् डेक ६० हर्ट्झवर लावलेला राहिला तर आपल्या ५० हर्ट्झवर तो एक षष्ठांश हळू चालतो, म्हणजे काळी दोनमध्ये गाणारी बाई पांढरी एकच्या जवळपास येऊन बसते. फुईचा आवाज जाड लागतो तो यामुळेच असणार असं मला वाटतं. अजून एक, या मॉडेलमध्ये सेकंदाला १९ सेंटीमीटरच्या स्पीडसाठी कॅपस्टनवर वेगळी स्लीव्ह (नळी) चढवावी लागते, जुन्या मालात ती नेमकी हरवलेली असते. पण ती नसती तर १९ वर भरलेलं रीळ बरोबर निम्म्या स्पीडनं चाललं असतं, ते नुसत्या जाड आवाजावर थांबलं नसतं.

स्पीड मोजायला महागडी टेप लागत नाही. एखादी निकामी टेप घ्या, न ताणता ९ मीटर ५३ सेंटीमीटर मोजून दोन्ही टोकांना पांढऱ्या पेनानं खूण करा. ९.५ च्या (सेकंदाला ९.५३ सेंटीमीटर) स्पीडला ही पट्टी हेडसमोरून जायला बरोबर १०० सेकंद लागले पाहिजेत, ११९-१२० लागले तर समजायचं ६० हर्ट्झचीच भानगड आहे. ती मोटरच्या बाजूनं सुधारायची, त्यासाठी त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघूनच हात घाला, अंदाजानं नाही.

आता ॲझिमथ, खरी गोम इथं आहे. प्ले हेडच्या फटीची उभी रेघ टेपच्या चालीशी काटकोनात हवी. ९.५ च्या स्पीडला १० किलोहर्ट्झच्या आवाजाची लांबी टेपवर जेमतेम साडेनऊ मायक्रॉन होते, हेड जरा जरी कललं की सगळ्यात आधी वरचे सूर जातात. अन् असा गेलेला ट्रेबल नंतर कॉम्प्युटरवर ईक्यू, म्हणजे इक्वलायझेशन (जाड-बारीक सुरांचा तोल), लावून परत येत नाही, नुसता हिस्स (टेपची सूं सूं) वर येतो. लेव्हल कमीजास्त असली, इक्वलायझेशन थोडं इकडंतिकडं असलं तर ते नंतर सुधारता येतं. म्हणून तुमच्या कामात ॲझिमथ सोडून बाकी कशाला जीव लावायची गरज नाही.

अन् ते कॅलिब्रेशन टेपवर लावायचं नाही, तुमच्या आण्णांच्या रिळावर लावायचं! त्यांच्या फिलिप्सचं हेड तेव्हा जसं कललेलं असेल तसंच रेकॉर्डिंग उमटलंय. स्टँडर्ड टेपवर तुमचं हेड कितीही अचूक बसवलं तरी ते त्या रिळाशी जुळेलच असं नाही, प्रत्येक रिळाला वेगळं बघावं लागेल. आधी प्ले हेडच्या बाजूच्या स्क्रूची मूळ जागा नेलपॉलिशच्या ठिपक्यानं खूण करून ठेवा. मॅग्नेटिक नसलेला छोटा स्क्रूड्रायव्हर घ्या. हेडफोन लावा, फक्त डावा चॅनल. रिळातली अशी जागा शोधा जिथं टाळ वाजतोय, बांगड्या किणकिणताहेत किंवा बाया ‘स’ अन् ‘श’ जोरात म्हणताहेत. स्क्रू अगदी केसभर एकीकडे, मग केसभर दुसरीकडे. बांगड्या एका जागी एकदम उघडतात, तिथून दोन्ही बाजूंना आवाज मंद झाला पाहिजे. चतुर्थांश फेऱ्याच्या आत ती जागा मिळायला हवी. त्याच्या पुढं गेलात तर खोटी चढण लागते, सूर थोडे वर येतात पण खरी जागा ती नसते, म्हणून खुणेवर परत या अन् पुन्हा शोधा.

उजव्या स्पीकरचं आधी एक सांगा, तिथं ऐकू येतं ते खरंच उलटं बोलणं आहे की सरळ पण दुसरंच गाणं?

अमळनेरकर:
नाना, फार उपकार. उजवीकडे उलटंच आहे, नक्की. एक तुकडा कॉम्प्युटरवर घेऊन उलटा वाजवून बघितला तर त्यात आण्णा बाजारभाव सांगताहेत कोणाला तरी. आई ऐकून रडायलाच लागली. मागच्या पट्टीवर व्होल्टेज २२० वर आहे पण फ्रिक्वेन्सीचा काटा ६० वर दिसतोय. खूण केलेली पट्टी अजून चालवली नाही.

भुसावळ_नाना:
मग कोडं सुटलं. आण्णांचा टेप हाफ ट्रॅक मोनो होता. टेपच्या वरच्या अर्ध्या भागात एक बाजू, रीळ उलटवून खालच्या अर्ध्यात दुसरी. तुमचं हेड क्वार्टर ट्रॅक स्टीरिओचं, म्हणजे टेपच्या चार पट्ट्यांपैकी एकाआड एक दोन वाचणारं, त्याचा डावा चॅनल वरच्या अर्ध्यावर बसतो अन् उजवा खालच्या अर्ध्यावर, म्हणून दुसरी बाजू उलटी ऐकू येते. यात बिघाड काहीच नाही. सरळ दुसरं गाणं आलं असतं तर मी चार ट्रॅक मोनो म्हटलं असतं. तुम्ही दोन्ही चॅनल वेगवेगळे घ्या, डावा तसाच ठेवा, उजवा कॉम्प्युटरवर उलटा करा, एकाच फेरीत दोन्ही बाजू मिळतील. पण उजव्या बाजूचं ॲझिमथ वेगळं निघू शकतं, शंका आली तर रीळ उलटवून दुसरी बाजू परत डाव्या चॅनलवर सरळ वाजवा अन् स्क्रू तिच्यासाठी नव्यानं बघा. या जन्मात ही रिळं पुन्हा कोणी वाजवेल का माहीत नाही, मग घाई कशाला.

फ्रिक्वेन्सीचा काटा ६० वर असेल तर फुईच्या आवाजाचं उत्तर तेच. रेकॉर्डिंगच्या वेळची मेनची घूं टेपवर उमटली असेल तर कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रममध्ये (आवाजातल्या फ्रिक्वेन्सींच्या आलेखात) तीही तपासा, स्पीड बरोबर असेल तर ती ५० हर्ट्झच्या आसपास दिसते. टेप थांबवून एकदा बघा, जी रेघ टेप थांबली तरी तिथंच राहते ती तुमच्या डेकची, ती धरू नका.

जळगाव_शोभा:
मधेच बोलते. रिळं आपल्याकडच्या पत्र्याच्या घरात ठेवलेली असतील तर उन्हाळ्यात ४४-४५ डिग्री त्यांनी सोसलीय. उष्णतेनं एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, शांत जागी गाण्याच्या आधी त्याचीच पुसट चाहूल लागते. वाजवायच्या आधी रीळ एकदोनदा सावकाश इकडून तिकडे गुंडाळून घ्या, ही चाहूल थोडी कमी होते. त्याआधी रीळ उजेडासमोर धरून बघा, कडेनं उजेड आरपार आला तर ती ॲसिटेटची टेप, ती वाळून मोडकी होते, तिला फास्ट फॉरवर्ड देऊच नका. अन् टेप हेडला चिकटून किंचाळायला लागली किंवा हेडवर राळ सोडायला लागली तर लगेच थांबवा. तापवायचा प्रकार असतो, साधारण ५४ डिग्रीला काही तास, पण तो काही विशिष्ट टेपसाठीच, ॲसिटेटला कधीच नाही, अन् घरच्या ओव्हनमध्ये तर अजिबात नाही.

पारोळा_रेडिओ:
माझ्याकडे पण हाच डेक आहे पण मला रेकॉर्डिंग करायचंय, बायस कसा लावायचा? वेगळा धागा काढू का?

धुळे_ऑडिओ:
थोडक्यात इथंच सांगतो. तुम्हाला मात्र कॅलिब्रेशन टेप लागेल, कारण तुमचं रेकॉर्डिंग दुसऱ्याच्या मशीनवरही नीट वाजलं पाहिजे. आधी तिच्यावर प्ले हेडचं ॲझिमथ, लेव्हल अन् इक्वलायझेशन. मग कोरी टेप चढवून १० किलोहर्ट्झ रेकॉर्ड करत प्ले हेडवर ऐकत रेकॉर्ड हेडचं ॲझिमथ. लेव्हल २० डीबीनं खाली ठेवा, नाहीतर हळू स्पीडला टेप सॅच्युरेट होऊन (भरून जाऊन) चुकीचं दाखवते. त्यानंतर बायस वाढवत न्या, आउटपुट वर जातं, शिखरावर पोचतं अन् उतरायला लागतं, किती डीबी उतरू द्यायचं ते टेपच्या मालावर अन् स्पीडवर ठरतं, डेटाशीट बघा. रेकॉर्ड लेव्हल अन् रेकॉर्ड इक्वलायझेशन सगळ्यात शेवटी, कारण बायस हलला की दोन्ही हलतात. टेपचा ब्रँड बदलला की बायसपासून पुन्हा.

भुसावळ_नाना:
अमळनेरकर, एक राहिलंच. कॅसेटसारखी मागची क्लिप मोडून रेकॉर्डिंग अडवायची सोय रिळाला नसते. वाजवताना चुकून रेकॉर्ड दाबलं गेलं तर इरेज हेड तिथल्या तिथं पुसून टाकतं. घरात पोरं असतील तर रेकॉर्डच्या बटणावर आधी चिकटपट्टी लावा, मगच आण्णांचं रीळ चढवा.