अभ्यासिकेतले विंडोज ७ चे ६ जुने कॉम्प्युटर: कोणती हलकी, मोफत ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) टाकावी?

महाल_अभ्यासिका
नमस्कार मंडळी. स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी नागपूरच्या महाल भागात अभ्यासिका आहे. तिथले ६ कॉम्प्युटर अजून विंडोज ७ वर चालून राहिलेत. ३ डेस्कटॉप कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसर, जी३१ मदरबोर्ड, २ जीबी रॅम. २ डेस्कटॉप आय३-२१२०, ४ जीबी. एक नेटबुक, अ‍ॅटम एन२७०, १ जीबी. सगळ्यांना जुन्या हार्ड डिस्क. प्रिंटर कॅनन एलबीपी २९००.
काम म्हणजे ऑनलाइन फॉर्म, पीडीएफ, यूट्यूबवरची लेक्चर्स आणि मराठी टायपिंग. पोरांना नवीन काही शिकावं लागू नये. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, एवढं ओळखीचं असलं तरी पुरे. खर्च जेमतेम करता येईल.

जुनं_हार्डवेअर
भाऊ, विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आणि १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. ११ या मशिनींवर अधिकृतपणे बसतच नाही. ई७५०० मध्ये तर पॉपकाउंट ही प्रोसेसरची सूचनाच नाही, त्यामुळे ११ ची २४एच२ आवृत्ती जुगाड करूनही बूट होत नाही. तेव्हा लिनक्स या मोफत ओएसकडे वळणंच बरं.

पाचही डेस्कटॉपवर लिनक्सचा मिंट २२ हा प्रकार टाका, त्यातही एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. सिनॅमन ही जड आवृत्ती नको. जी३१ चं ग्राफिक्स इतकं जुनं आहे की सिनॅमनच्या खिडक्या सरकवतानाच प्रोसेसर दमतो. एक्सएफसीईमध्ये पट्टी खाली, मेनू डावीकडे, घड्याळ उजवीकडे, आणि विंडोजच्या बटणानं मेनू उघडतो. पोरांना पाच मिनिटांत सवय होईल. अपडेट २०२९ पर्यंत मिळतील.

पण ओएसच्या आधी पैसे एसएसडीवर, म्हणजे चिपवर चालणाऱ्या वेगवान डिस्कवर, घाला. १२०-१२८ जीबीची साधी साटा एसएसडी पुरते (साटा म्हणजे डिस्क जोडायचं पोर्ट). जी३१ चा साटा ३ गिगाबिटचाच, म्हणजे एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही, तरी फरक जमीन-अस्मानाचा पडतो. कारण जुनी डिस्क अडते ती छोट्या छोट्या फाइली शोधताना. जुनी डिस्क काढून, नाव लिहून कपाटात ठेवा. तोच तुमचा बॅकअप.

मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, पण ब्राउझरचे चार टॅब उघडले की २ जीबी संपते. जी३१ वर जास्तीत जास्त ४ जीबी, म्हणजे डीडीआर२ च्या २-२ जीबीच्या दोन पट्ट्या. सीताबर्डीत जुनी रॅम घेताना दुकानदाराला ‘इंटेल बोर्डावर लावून दाखवा’ म्हणा. स्वस्तात मिळणाऱ्या काही पट्ट्या फक्त एएमडी बोर्डावर चालतात आणि इंटेलवर स्क्रीन काळीच राहते. आय३ ला ४ जीबी डीडीआर३ ची आणखी एक पट्टी लावलीत तर उत्तम.

ऑरेंज_टर्मिनल
इन्स्टॉलचं सांगतो. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, त्यावर व्हेंटॉय हे पेन ड्राइव्हवरून बूट करून देणारं सॉफ्टवेअर टाका आणि मिंटची सुमारे ३ जीबीची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलची अख्खी प्रत, नुसती कॉपी करा. नेटबुकची आयएसओही त्याच पेन ड्राइव्हवर बसते. व्हेंटॉयऐवजी रुफस वापरत असाल तर पार्टिशन स्कीम (डिस्कचे भाग मांडायची पद्धत) एमबीआर निवडा. या बोर्डांच्या जुन्या बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामला, तीच चालते. जीपीटी या नव्या पद्धतीनं लिहिलेला पेन ड्राइव्ह बूट मेनूत दिसतो, पण चालूच होत नाही.

आय३ च्या बायोसमध्ये साटा मोड ‘आयडीई’ असेल तर आधी ‘एएचसीआय’ करा. लोगोनंतर स्क्रीन काळी राहिली तर सुरुवातीच्या मेनूत ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडा.

बोर्डावरचा सीआर२०३२ सेल सगळ्या मशिनींत बदलून टाका. सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, सुरक्षा प्रमाणपत्रं अवैध ठरतात आणि प्रत्येक साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते. लोक नेटला दोष देतात, दोष सेलचा असतो.

आणि उन्हाळ्याआधी सीपीयूच्या पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्ट नवीन लावाच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. सुकलेल्या पेस्टवर मशीन दुपारी आपोआप बंद पडेल आणि तुम्ही ओएसमध्ये चूक शोधत बसाल.

धरमपेठ_एक्सएफसीई
अभ्यासिकेसाठी सगळ्यात कामाची सोय कुणी सांगितली नाही. मिंटच्या ‘लॉगिन विंडो’ सेटिंगमध्ये पाहुणा सत्र, म्हणजे गेस्ट सेशन, चालू करा. पोरगं लॉगआउट झालं की त्याचे पासवर्ड, डाउनलोड केलेलं हॉल तिकीट, आधारची पीडीएफ, सगळं पुसलं जातं. दहा जण एकच मशीन वापरतात तिथे हे हवंच. फक्त ‘काम पेन ड्राइव्हवर घ्या’ अशी चिठ्ठी मॉनिटरला चिकटवा.

यूट्यूब अडकत असेल तर ब्राउझरला ‘एच२६४इफाय’ हे एक्स्टेन्शन लावा. यूट्यूब एरवी व्हीपी९ किंवा एव्ही१ या प्रकारांत व्हिडिओ पाठवतं आणि या प्रोसेसरांना ते उलगडणं जड जातं. एच.२६४ हा जुना प्रकार हलका पडतो. कोअर टू ड्युओवर ४८०पी ठेवा.

फॉर्मसाठी फोटो ५० केबीच्या आत हवा असतो. त्यासाठी गिंप या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये जेपीईजी एक्स्पोर्ट करताना प्रीव्ह्यूवर टिक करा. क्वालिटीची पट्टी सरकवताना फाइल किती केबीची होतेय ते तिथेच दिसतं.

महाल_अभ्यासिका
खूप आभार. नेटबुक, प्रिंटर आणि मराठी, या तिघांचं काय करू? जुन्या नोट्स कृतिदेवमध्ये आहेत.

जुनं_हार्डवेअर
एन२७० हा ३२ बिटचा प्रोसेसर, त्यावर ६४ बिटचं मिंट २२ चालणारच नाही. अँटीएक्स २३ किंवा क्यू४ओएसची ट्रिनिटी आवृत्ती, या दोन्ही हलक्या लिनक्सची ३२ बिट आयएसओ मिळते. क्यू४ओएस दिसायला अगदी एक्सपीसारखी, म्हणून तुम्हाला तीच सुचवीन. पण त्यावर फॉर्म भरायची अपेक्षा नको. क्रोमनं ३२ बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं आणि फायरफॉक्सनं आवृत्ती १४५ पासून. ते नेटबुक पीडीएफ वाचायला आणि टायपिंगच्या सरावाला ठेवा.

मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच असतो. कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट जोडला की झालं. रोमनमधून मराठी टाइप करणाऱ्यांसाठी ‘इनपुट मेथड’मधून आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचं एम१७एन पॅकेज घ्या. कृतिदेव हा जुना फॉन्ट, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नाही. फॉन्टची फाइल लिनक्समध्ये बसवलीत की जुन्या नोट्स नीट दिसतील, पण त्यात मराठीतून शब्द शोधता येणार नाही. हळूहळू कन्व्हर्टरनं युनिकोड करून घ्या. लिब्रेऑफिस या वर्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल’ इथे कायमचा फॉरमॅट वर्डचा ठेवा, म्हणजे पोरांची फाइल बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडेही उघडेल.

ऑरेंज_टर्मिनल
एलबीपी २९०० हा खरा त्रास आहे. तो कॅननची स्वतःची कॅप्ट भाषा बोलतो. लिनक्सचा ड्रायव्हर आहे, पण त्याची मागे चालणारी सेवा मधेच थांबते आणि एक पान निघून पुढची रांग अडकते. एका आय३ वर जुनी डिस्क आणि विंडोज तसंच राहू द्या, त्याची नेटची वायर काढा, प्रिंटर त्यालाच जोडा. बाकीच्यांनी पीडीएफ पेन ड्राइव्हवर न्यायची. टायपिंग परीक्षेचं सरावाचं सॉफ्टवेअर विंडोजचंच असेल तर तेही त्याच मशीनवर चालेल. पुढे प्रिंटर बदलाल तेव्हा पोस्टस्क्रिप्ट किंवा एअरप्रिंट या सर्रास चालणाऱ्या पद्धतींचा घ्या. एचपी १०२० जुना मिळाला तर तोही चालतो, फक्त एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं प्लगइन एकदा नेटवरून उतरवावं लागतं.

महाल_अभ्यासिका
म्हणजे एसएसडी ४ आणि डीडीआर२ च्या २ जीबीच्या पट्ट्या लागतील. बोर्डावर आत्ता २ जीबीची एकच पट्टी आहे की १-१ च्या दोन, ते उद्या उघडून बघतो आणि इथे लिहितो.