मदत हवी आहे: पाळीच्या दुखण्यावर कमरेला लावायचं यंत्र कुणी वापरलंय का?

मैत्रिणींनो, लेक अकरावीत आहे. पाळीचे पहिले दोन दिवस ओटीपोट धरून पडून असते. सोनोग्राफी नॉर्मल. मेफेनॅमिक ॲसिडची गोळी घेते, पण २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने त्या औषधाच्या गंभीर रिॲक्शनबद्दल सावध केलं, तेव्हापासून गोळी देताना माझाच हात अडखळतो.

आता इस्रायलच्या लिव्हियासारखी छोटी टेन्स यंत्रं दिसतायत. कपड्याला अडकवायची डबी, पोटावर दोन चिकटपट्ट्या, त्यातून हलका वीजप्रवाह. त्याने येणाऱ्या मुंग्यांमुळे दुखण्याचा निरोप मज्जारज्जूतच अडतो, हे मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेलं तत्त्व. अहो, फिजिओथेरपीवाले सासूबाईंच्या कमरेला हेच लावायचे की! मग जादा पैसे काय नुसत्या गुलाबी डबीचे?

वापरलं असेल त्यांनी सांगा: गरम पिशवीपेक्षा खरंच फरक पडतो का? घामाने पट्ट्या किती दिवसांत सुटतात, नुसत्या पट्ट्या वेगळ्या मिळतात का? कॉलेजच्या कुर्त्याखाली कळून येतं का (तिची मुख्य काळजी हीच!)? पेसमेकर किंवा गरोदरपणात चालत नाही हे ठाऊक आहे, आमच्या डॉक्टरांची हरकत नाही.

ओवा-गूळ कृपया सुचवू नका, करून झालंय.