नेटवर्क मार्केटिंगमध्ये सामील होण्यापूर्वी कायद्याच्या दृष्टीने काय तपासावे? (सल्ला हवा)

कृष्णाकाठची

नमस्कार. माझी धाकटी जाऊ कराडजवळ राहते. आरोग्यपूरक पावडरी आणि सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या एका कंपनीत सामील हो, असा आग्रह तिच्या बचत गटातील एका ताईंनी धरला आहे. आरंभी सुमारे १२,००० रुपयांचा ‘पॅक’ घ्यायचा, आपल्या डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक व्यक्ती जोडायची आणि जोडी जुळली की ‘पेअर इन्कम’ मिळते, अशी योजना त्यांनी समजावून सांगितली. सरकारी मान्यतेचा पुरावा म्हणून त्यांनी कंपनी नोंदणीचे प्रमाणपत्र आणि जीएसटी क्रमांक दाखवला.

जाऊ शिकलेली आणि कष्टाळू आहे. घर सांभाळून चार पैसे मिळवावेत ही तिची इच्छा रास्त आहे, त्यामुळे नुसते ‘नको’ म्हणून तिला गप्प करणे मला योग्य वाटत नाही. या व्यवसायावर सरकारचे नियंत्रण कोणते, त्या प्रमाणपत्राचा अर्थ काय आणि पैसे भरण्यापूर्वी कोणती कागदपत्रे मागावीत, हे जाणकारांनी सांगितल्यास मी तिच्यासमोर नेमके मुद्दे ठेवू शकेन. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही.

वकिली टिपण

प्रथम प्रमाणपत्राविषयी. कंपनी नोंदणी म्हणजे त्या नावाची संस्था कायद्याने अस्तित्वात आहे, एवढेच. आणि जीएसटी क्रमांक म्हणजे ती कराच्या नोंदीत आहे. तिची कमाईची योजना सरकारने तपासून मंजूर केली आहे, असा अर्थ या दोहोंपैकी एकाही कागदातून निघत नाही. बैठकीत हे कागद मान्यता म्हणून दाखवले जात असतील, तर ती दिशाभूल आहे आणि जाऊबाईंनी पहिली शंका तेथेच घ्यावी.

आता कायदा. ‘प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) अॅक्ट, १९७८’, म्हणजे पैशाची साखळी फिरवणाऱ्या योजनांवर बंदी घालणारा कायदा, हा या विषयातील मूळ आणि सर्वांत कडक कायदा आहे. सदस्य जोडण्याच्या घटनेवर ज्या योजनेतील पैसे मिळणे अवलंबून असते, किंवा जी झटपट आणि सहज पैशासाठी उभारलेली असते, ती योजना कोणत्याही नावाने चालवली तरी या कायद्याखाली येऊ शकते. त्याच्या तिसऱ्या कलमाची मनाई कंपनीच्या चालकांपुरती नाही. अशा योजनेत सदस्य म्हणून नाव नोंदवणे, अन्य प्रकारे भाग घेणे, तिच्यासाठी पैसे स्वीकारणे किंवा पाठवणे, हे सर्व त्या मनाईत येते. चौथ्या कलमात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. जाऊबाईंनी उद्या शेजारणींकडून पैसे गोळा करून वर पाठवले आणि ती योजना बेकायदा ठरली, तर ‘मला कल्पना नव्हती’ एवढे सांगून त्यांची सुटका होईलच असे नाही. बैठकीत ही बाजू कोणी सांगत नाही, म्हणून ती येथे आग्रहाने लिहीत आहे.

‘आमच्याकडे खऱ्या वस्तू आहेत, म्हणून हे पिरॅमिड (नव्या सदस्यांच्या पैशांतून वरच्यांना मिळकत देणारी उतरंड) नव्हे’ असा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. सदस्यांच्या जाळ्यातून माल विकणाऱ्या अॅमवे कंपनीने पोलीस कारवाईला दिलेले आव्हान आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००७ मध्ये फेटाळले, तेव्हाही वस्तू होत्याच. न्यायालयाने पाहिले ते मोबदल्याची रचना सदस्यवाढीशी कशी जोडलेली आहे, हे. पुढे २०१३ मध्ये केरळ पोलिसांनी त्याच कंपनीच्या भारतातील प्रमुखांना अटक केली. थेट विक्री (दुकानाऐवजी विक्रेत्यांमार्फत थेट ग्राहकाला माल विकणे) आणि पैशाची साखळी यांच्यातील सीमारेषा केंद्राने स्पष्ट करावी, ही मागणी त्या काळात जोर धरू लागली. ९ सप्टेंबर २०१६ रोजी केंद्राने मार्गदर्शक तत्त्वे काढली, परंतु ती राज्यांसाठी सल्लावजा होती. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आल्यावर त्याच्या आधारे २८ डिसेंबर २०२१ रोजी थेट विक्रीचे नियम अधिसूचित झाले आणि ते मात्र बंधनकारक आहेत. पिरॅमिड योजना किंवा पैशाची साखळी चालवण्यास आणि थेट विक्रीच्या नावाखाली तीत सहभागी होण्यास या नियमांनी मनाई केली आहे. कंपन्यांवर देखरेख करण्यासाठी यंत्रणा उभारण्याची जबाबदारी त्यांनी राज्य सरकारांवर टाकली आहे.

एक प्रश्न जाऊबाईंनी त्या ताईंना अवश्य विचारावा: आजपासून एकही नवा सदस्य आला नाही, तर बाहेरच्या ग्राहकाला विकलेल्या मालावर मला दरमहा काय मिळेल? उत्तर कंपनीच्या लेखी मोबदला-योजनेतून मिळावे, तोंडी नको.

आकडेमोड

डाव्या-उजव्या जोडीचा हिशेब मांडून पाहावा. प्रत्येकाने दोघांना जोडायचे, तर विसाव्या पायरीवर १०,४८,५७६ माणसे लागतात आणि सत्ताविसाव्या पायरीवर १३ कोटी ४२ लाखांहून अधिक. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. ज्या योजनेत मिळकत जोडीवरच ठरते, तिच्यात शेवटच्या पायऱ्यांवरील बहुसंख्य लोकांचे पैसे अडकणे हे गणितातच आहे. त्यांनी मेहनत कमी केली, असा ठपका त्यांच्यावर ठेवता येणार नाही.

ग्राहक चळवळीतील एक

कागदपत्रांविषयी विचारले आहे, म्हणून २०२१ च्या नियमांतील उपयुक्त भाग सांगते. कंपनीने विक्रेत्याशी आधी लेखी करार केला पाहिजे आणि त्याच्या अटी न्याय्य असल्या पाहिजेत. करारात ‘कूलिंग-ऑफ’ मुदत कोठे लिहिली आहे ते पाहावे, कारण त्या मुदतीत दंड न भरता करारातून बाहेर पडता येते. भारतात कंपनीचे किमान एक प्रत्यक्ष कार्यालय हवे. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर हवा. तक्रारीची पोच ४८ कामकाजी तासांत आणि निवारण साधारणतः एका महिन्यात व्हावे, असा नियम आहे. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कोणाच्या घरी जाऊ नये, हे बंधन तर जाऊबाईंवरही येईल.

मला सर्वाधिक खटकतो तो १२,००० रुपयांचा पॅक. २०१६ च्या तत्त्वांत स्पष्ट म्हटले होते की प्रवेश शुल्क घेऊ नये, आणि वाजवीपणे विकला किंवा वापरला जाईल त्याहून अधिक माल घेण्याची सक्ती करू नये. ‘शुल्क नाही, फक्त पॅक घ्या’ या वाक्यात शुल्कच वस्तूच्या रूपाने वसूल होत असते. शिवाय पुनर्विक्रीसाठी माल घेणारी व्यक्ती ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘ग्राहक’ या व्याख्येबाहेर जाते. त्यामुळे घरात खोकी साठवून ठेवल्यानंतर ग्राहक आयोगाकडे गेल्यास कंपनी नेमका हाच आक्षेप घेईल.

थेट विक्रेती, नाशिक

एक वेगळी बाजू मांडते. मी स्वतः थेट विक्री करते आणि माझी सर्व मिळकत नेहमीच्या ग्राहकांकडून येते; आधी मागणी नोंदवायची, मग माल मागवायचा. कोणालाही जोडण्याची अट माझ्यावर नाही. असे प्रामाणिक काम शक्य आहे, पण त्यातील मिळकत माफक आणि सावकाश वाढणारी असते. सहा महिन्यांत मोटार आणि परदेशवारी दाखवणाऱ्या सभेला जाण्यापेक्षा, तो माल गल्लीतील दुकानदार त्या किमतीला घेईल का, हे जाऊबाईंनी विचारून पाहावे.

कृष्णाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. आणखी दोन गोष्टी कळल्या. या पावडरीने मधुमेह बरा होतो, असे व्हॉट्सअॅप स्टेटसवर टाकण्यासाठी तयार मजकूर दिला जातो. आणि गटातील एका बाईंनी गेल्या आठवड्यात पैसे भरलेही आहेत. ते त्या ताईंच्या वैयक्तिक खात्यावर गेले. पैसे भरलेल्या बाईंनी काय करावे?

अन्नतपासणी

तो मजकूर जाऊबाईंनी मुळीच टाकू नये. अन्नपूरक पदार्थ रोग बरा करतो असा दावा करता येत नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ५३ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे आणि जाहिरात प्रसिद्ध करणारी कोणतीही व्यक्ती त्यात येऊ शकते. त्यावर विसंबून कोणी गोळ्या बंद केल्या, तर होणारी हानी दंडापेक्षा फार मोठी असेल. डब्यावरील चौदा अंकी परवाना क्रमांक तपासावा आणि दाव्याची छायाचित्रे अन्न व औषध प्रशासनाकडे द्यावीत.

वकिली टिपण

पैसे भरलेल्या बाईंनी पॅक उघडला नसेल तर तसाच ठेवावा आणि करार रद्द करून परतावा मागत असल्याचे आजच कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ई-मेलने आणि नोंदणीकृत टपालाने कळवावे. कंपनीच्या नावाचे बिल नसेल, तर तेही त्याच पत्रात मागावे. आपल्या विक्रेत्यांनी केलेल्या विक्रीतून उद्भवणाऱ्या तक्रारींची जबाबदारी २०२१ च्या नियमांनी कंपनीवर टाकली आहे, त्यामुळे ‘तुम्ही आणि त्या ताई पाहून घ्या’ हे उत्तर स्वीकारू नये. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. योजना केवळ सदस्य जोडण्यावर चालत असल्याचे दिसत असेल, तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी आणि त्यात १९७८ च्या कायद्याचा उल्लेख करावा. अर्जासोबत योजनेचे माहितीपत्रक, संदेशांच्या प्रती आणि पैसे कोणाच्या खात्यावर गेले हे दाखवणारा बँकेचा उतारा जोडावा.