वारली चित्रं विकायला घ्यायची आहेत: दर, करार आणि छपाईचे हक्क कसे ठरवावेत?

मृदुला_के विचारतात:
आमचा चौघींचा गट हस्तकलेच्या वस्तू ऑनलाइन विकतो. आता विक्रमगड आणि डहाणू तालुक्यातल्या काही वारली चित्रकारांची कागदावरची आणि कापडावरची चित्रं घ्यायची आहेत. माल विक्रीवर ठेवून घ्यावा की आधी पैसे द्यावेत? दर चौरस फुटावर लावला तर चालेल का? काही ग्राहक त्याच चित्रांची कॅलेंडरं आणि कापडी पिशव्या मागतात, ते चित्राच्या किमतीतच धरतात का? काहींना लग्नचौक (लग्नघराच्या भिंतीवर काढतात ते देवीचं चित्र) हवा आहे. उपकार केल्यासारखं काही नको, व्यवहार रीतसर हवा.

हिशेबनीस:
शक्य तेवढा माल रोख घ्या. विक्रीवर ठेवलेलं चित्र तीन महिने तुमच्याकडे पडून राहिलं तर तुमची जागा अडते, पण चित्रकाराची मजुरी आणि सामानाचे पैसे अडकतात. ऑर्डर देऊन काम करून घेणार असाल तर निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली चित्र हातात पडताच. ‘विकलं की देऊ’ हे ऑर्डरच्या कामाला कधीच लावू नका.

विक्रीवर ठेवायचंच असेल तर दोन प्रतींत यादी करा: चित्राचा क्रमांक, फोटो, माप, चित्रकाराला मिळायची रक्कम, परत करायची तारीख. चित्रकाराचा वाटा विक्री किमतीच्या ६० ते ७० टक्के ठेवा, मुदत ९० दिवसांच्या आत. परत पाठवायचा खर्च तुमचा. चित्र खराब झालं किंवा हरवलं तर चित्रकाराला त्याचा पूर्ण वाटा द्यायचा. आणि एक ओळ हमखास लिहा: सवलत दिली तर ती दुकानाच्या वाट्यातून. ही ओळ नसली की दिवाळीच्या सेलचा भार चित्रकारावर पडतो.

चौरस फुटाचा दर वारलीला बसत नाही. एकाच मापाच्या कापडावर तारप्याचा (फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीच्या नाचाचा) एक फेर असेल किंवा लावणीपासून मळणीपर्यंतचं अख्खं शिवार असेल, काम कितीतरी पट वेगळं. दिवस मोजा. त्यात कापड ताणणं, गेरूचे हात देणं, ते वाळणं हेही धरा. दिवसाचा दर तिथल्या मजुरीपेक्षा चांगलाच वर हवा. किंमत आधी चित्रकाराने सांगायची, तुम्ही त्यावर आपला खर्च चढवायचा. ग्राहक किती देईल यावरून उलटं मोजत आलात की कात्री मजुरीला लागते.

ऑर्डरचं वेळापत्रक शेतीवर बेता. जून-जुलैत पेरणी-लावणी, ऑक्टोबरात कापणी. दिवाळीचा माल हवा असेल तर मे महिन्याआधी सांगा, नाहीतर उशीर ठरलेला आणि त्याचा दोष चित्रकाराच्या माथी.

चित्रकाराची उद्यम नोंदणी (केंद्र सरकारची लहान उद्योगांची नोंदणी) करून द्या, ती मोफत होते. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असली की खरेदीदाराला लेखी करार असतानाही ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. पुढे उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. मोठे खरेदीदार पैसे लांबवतात तिथे ही नोंदणी फार कामाला येते.

कलम_सतरा:
छपाईबद्दल नीट वाचा, खरं नुकसान इथेच होतं. मूळ चित्र विकत घेतलं म्हणजे ते छापायचा हक्क मिळत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार तो चित्रकाराकडेच राहतो, हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडे.

पण याला एक मोठा अपवाद आहे. कलम १७ सांगतं की मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र काढलं आणि उलट करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक सांगणारा ठरतो. म्हणजे तुम्ही फोनवर ‘तारप्याचं एक चित्र काढून द्या’ म्हणालात, पैसे दिलेत आणि कागद केला नाहीत, तर चित्रकाराचा हक्क त्याला न कळताच गेला. म्हणून प्रत्येक ऑर्डरच्या कागदावर लिहा: ‘या चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहील.’ एवढं एक वाक्य पुरतं.

याचा परिणाम पुढेही होतो. कलम ५३-अ प्रमाणे मूळ चित्र पुन्हा १०,००० रुपयांहून जास्त किमतीला विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो, जास्तीत जास्त १० टक्के. मात्र तो पहिला मालक असेल तरच. ऑर्डरचा कागद नसेल तर हाही हक्क हातचा जातो.

कॅलेंडर-पिशव्यांसाठी वेगळा करार करा, तोही मराठीत, आणि सही करण्याआधी मोठ्याने वाचून दाखवा. कोणतं चित्र, कोणत्या वस्तूवर, किती नग, किती वर्षं, कोणत्या प्रदेशात आणि रॉयल्टी किती, हे सगळं त्यात हवं. हक्क देताना मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर संपूर्ण भारत. ‘सर्व हक्क कायमचे’ असा छापील मजकूर कुणी पुढे केला तर सही करू देऊ नका. रॉयल्टी विकलेल्या नगांवर न लावता छापलेल्या नगांवर लावा, कारण छापखान्याच्या बिलावरून तो आकडा कुणालाही पडताळता येतो.

संकेतस्थळावर फोटो टाकताना लांब बाजू १,००० पिक्सेलच्या आत ठेवा. त्यातून नीट छापायचं म्हटलं तर साडेआठ सेंटिमीटरपेक्षा मोठं काही निघत नाही.

गंजाडकर:
वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. ते नाव जपतं, शैली नाही. कारखान्यात छापलेल्या कपावर ‘वारली’ लिहून विकणाऱ्याला त्यावरून अडवता येतं, पण नाव न घेता तशाच आकृत्या छापणाऱ्याला नाही. तिथे एकेका चित्राचा कॉपीराइटच उपयोगी. चित्रकार या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला आहे का ते विचारा, नसेल तर अर्ज भरायला मदत करा.

चौकाबद्दल. लग्नघरात सवाष्णी जो चौक लिहितात त्यात पालघट देवी असते, धवलेरी (लग्न लावणारी स्त्री) गाणी म्हणते, तो विधीचा भाग आहे. कागदावरची चित्रकला ही निराळी वाट. १९७० च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांनी ती रुळवली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज काही चित्रकार चौक विकायला काढतात, काही काढत नाहीत. निर्णय त्यांचा. नकार मिळाला तर जास्त पैसे दाखवून दुसऱ्याकडे जाऊ नका. पायपुसणं, चप्पल, बसायची गादी यांवर देवीचं चित्र अजिबात नको.

चित्रामागे नाव, पाडा आणि वर्ष चित्रकाराच्या हातचं असू द्या. ‘आदिवासी कला’ एवढंच लिहून नाव गाळणं हा अपमान आहे. जाहिरातीत गरिबीचे फोटो लावू नका, मुलांचे तर नकोच.

मृदुला_के:
खूप उपयोगी. एकच विचारते, कापडावरची चित्रं पाठवताना रंग सुटतो असं ऐकलंय. काय काळजी घ्यावी?

हिशेबनीस:
घडी घालू नका. गेरू-शेणाचा थर घडीवर तडकतो आणि पांढरी रेघ सुटून येते. निदान ४ इंच व्यासाच्या नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळा, वर बटर पेपर, त्यावर प्लास्टिक. प्लास्टिक थेट चित्राला लागलं तर पावसाळ्यात आत दमट होऊन बुरशी धरते. तांदळाच्या पिठाच्या रंगात डिंक कमी पडला असेल तर तो भुकटी होऊन झडतो, शिवाय त्याला कीड लागते. पोस्टर कलर ओल्या बोटाने पुसला जातो, अॅक्रिलिक टिकतो. कोणता रंग वापरलाय ते विचारून लेबलवर लिहा. फ्रेम करणाऱ्याला सांगा की काच आणि चित्र यांत माउंटचं (चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीचं) ३-४ मिलिमीटर अंतर हवं. लॅमिनेशन कुणी सुचवलं तर करू देऊ नका, ते नंतर काढता येत नाही.