पाठवताना सोबत दोन ओळी लिहा

घरी काढलेले व्हिडिओ मित्रांना पाठवले की नुसते अंगठे येतात, नीट कुणी बघत नाही, ही तुमची तक्रार अगदी पटली. पण अर्धा दोष पाठवण्यात असतो. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ नेहमीसारखा टाकला की तो दाबून लहान होतो. कमी उजेडातलं चित्र तर पार चौकटी-चौकटींचं दिसतं. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जसाच्या तसा पोचतो. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' (शोधात न दिसणारा) ठेवूनही दुवा देता येतो, पण तो दुवा ज्याच्या हाती पडेल त्या कुणालाही व्हिडिओ दिसतो. म्हणून लहान मुलांचे व्हिडिओ मी तिथे टाकत नाही.

लांबीही आवरा. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ (२३ एप्रिल २००५) जेमतेम १९ सेकंदांचा होता, हत्तींसमोर उभं राहून, मित्राकडून काढून घेतलेला.

आणि आवाजाकडे लक्ष द्या! एका मित्राने पावसाचा व्हिडिओ पाठवला होता. चित्र हलत होतं, पण पत्र्यावरचे थेंब आणि मागून त्याच्या आईची 'अरे, आत ये' ही हाक इतकी स्पष्ट होती की मी तीनदा ऐकला. त्याला तेच कळवलं, तर तासभर गप्पा झाल्या.

पाहिलेल्या सिनेमाबद्दल मित्रांना कळवतानाही तसंच नेमकं लिहा. 'भारी आहे' किंवा 'बकवास' यावर समोरचा काय बोलणार? कुठला प्रसंग मनात राहिला ते लिहा. शेवट मात्र फोडू नका, ज्यांनी पाहिलाय त्यांच्याशी वेगळं बोला.